मदत हवी आहे: गुन्हेगारीशास्त्रात एम.ए. करावे का?

नमस्कार. माझी पुतणी सोलापुरात मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असून तिला पुढे गुन्हेगारीशास्त्रात एम.ए. करायचे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने) सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाची घटनास्थळी भेट टप्प्याटप्प्याने आवश्यक केली, त्यामुळे संधी वाढतील, असे तिचे म्हणणे आहे. परंतु ते काम मुख्यतः विज्ञान शाखेच्या पदवीधरांचे, हे तिला कुणी सांगितलेले दिसत नाही. त्यातच राज्य शासनाने २०२४ मध्येच पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य देण्यासाठी ‘मार्वल’ ही कंपनी स्थापन केली. कॉल रेकॉर्डच्या हजारो ओळी चाळून एकच क्रमांक रात्री पुन्हापुन्हा कुठे येतो हे शोधण्याचे काम यंत्राकडे गेले, तर नवख्याचा हात बसणार कुठे? (आमच्या घरातले हातमाग जाऊन यंत्रमाग आले, तेव्हा ही शंका केवळ पुस्तकी नाही.)

परिवीक्षा अधिकारी (शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारा), कारागृहातील समुपदेशन ही समोरासमोर बसून करायची कामे टिकतील, असे मला वाटते. मात्र तेथे समाजकार्याची पदवी अधिक उपयोगी पडते का, आणि सायबर गुन्ह्यांच्या तपासासाठी एम.ए.सोबत नेमके कोणते तांत्रिक शिक्षण घ्यावे, हे या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी कृपया सांगावे. प्रवेशाचा निर्णय लवकरच घ्यायचा आहे.