प्लगात खोचायची 'वीज बचत' डबी घ्यावी का? सल्ला हवा

चिंचवडकर: मंडळी, सोसायटीत एक विक्रेता येऊन गेला. प्लगात खोचायची पांढरी डबी, वर हिरवा दिवा, बाराशे रुपये. बिल ३० टक्के उतरेल म्हणाला. सोबत आणलेली छोटी मोटर चालू करून वायरीला क्लॅम्प मीटर (करंट मोजायचा चिमटा) लावला. डबी खोचताच ०.५ अँपिअरचं ०.२ झालं, आम्ही सगळ्यांनी पाहिलं. बाबा तर पैसे काढायलाच निघाले होते, कसंबसं थांबवलं. आत कपॅसिटर असतो आणि त्याने पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खरं काम करणारा हिस्सा) सुधारतो, इतपत ठाऊक आहे. मग बिल का उतरू नये?

तारजोडे: मोटर रिकामी फिरत होती ना? तिथेच मेख आहे. बिनभाराची मोटर जो करंट ओढते तो बहुतांश चुंबकत्वापुरता असतो, तो लाइन आणि मोटर यांच्यात नुसता ये-जा करतो. ५ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर २३० व्होल्टला साधारण ०.३६ अँपिअर असाच, पण उलटा करंट घेतो. दोन्ही एकमेकांना खातात आणि क्लॅम्पवरचा आकडा पडतो. वॉट मात्र तेवढेच राहतात, आणि घरगुती बिल युनिटवर म्हणजे किलोवॉट-अवरवर निघतं.

वायरीतला तोटा कमी होतो हे खरं, पण किती? १ किलोवॉट ओढणारा पंप, पॉवर फॅक्टर ०.७५, करंट ५.८ अँपिअर. तो ०.९८ वर न्या, करंट ४.४ होईल. मीटरपासून पंपापर्यंत १० मीटर, अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर धरली तर वाचतात जेमतेम २ वॉट. रोज तासभर पंप चालवलात तर महिन्याला ०.०६ युनिट! तेही कपॅसिटर पंपाशेजारी असेल तरच, आणि त्याला सुमारे ४० मायक्रोफॅरॅड लागतील. डबीत तेवढा नसतो.

गिरणगावची_मनी: पण आमच्या नव्या मीटरवर पीएफ, म्हणजे पॉवर फॅक्टर, ०.७२ दिसतोय. दंड लागेल का? ह्यांनी तेव्हापासून डोकं खाल्लंय.

तारजोडे: ताई, मीटर बरंच काही दाखवतं, बिलात सगळं धरत नाहीत. घरगुती बिलात युनिटच मोजतात. केव्हीएएचवर, म्हणजे ये-जा करणारा करंटही धरून, बिल येतं ते कारखान्यांसारख्या मोठ्या ग्राहकांना, तिथे कपॅसिटर बँक पैसे वसूल करून देते. शिवाय घरात स्वस्त एलईडी बल्ब असतील तर त्यांचा पीएफ करंटच्या लहरीचा आकार बिघडल्यामुळे पडलेला असतो, तो असल्या डबीने सुधारत नाही.

चिंचवडकर: बाबांना हिशेब पटत नाही, डोळ्यांनी बघायचंय.

तारजोडे: मग विक्रेत्यालाच तुमच्या मीटरपाशी उभा करा. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला बहुधा ३२०० इम्पल्स (एका युनिटला तेवढ्या लुकलुकी) असं छापलेलं असतं. घरातलं बाकी सगळं बंद, फक्त पंप चालू. ३२ लुकलुकी म्हणजे १० वॉट-अवर. १ किलोवॉटला त्यांना ३६ सेकंद लागतात. डबी लावून मोजा, लगेच काढून मोजा. सेकंद तेवढेच भरतील.

डबी काढताना पिनांना बोट लावू नका. चार्ज उतरवणारा रेझिस्टर आत नसेल तर चांगला झटका बसतो.

वायरमन_अण्णा: पंख्याचा कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटरच, पण वेगळा, त्यात गल्लत करू नका. तो अडीच मायक्रोफॅरॅडचा असतो आणि पंखा फिरवायलाच लागतो. पंखा रेंगाळायला लागला तर बदला, त्याने बिल कमी होणार नाही. बाराशे रुपये खर्चायचेच असतील तर थोडी भर घालून बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरीचा) पंखा घ्या. ७५ वॉटच्या जागी ३० वॉट, रोज १२ तास चालला तर महिन्याला १६ युनिटं वाचतात.

रानातला_पंप: अहो, पण कपॅसिटर म्हणजे फसवणूक असं समजू नका. आमच्याकडे ५ एचपीच्या मोटरीला २ केव्हीएआरचा (कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) लागतो. महावितरण सांगून थकलं, ऑटोस्विच (वीज आली की मोटर आपोआप चालू करणारा) काढा आणि कपॅसिटर बसवा. एका डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, पंधरा-वीस मोटरी, एकानेही बसवला नाही तर रोहित्रावर भार चढतो, व्होल्टेज पडतं, आणि ऐन गव्हाच्या पाण्याला डीपी जळते. आम्ही तिघांनी बसवलेत, बाकीचे म्हणतात 'बिलात काय फरक पडतो?' बिलात नाही पडत, बाबांनो! स्टार्टरनंतर, मोटरीच्या बाजूने जोडा, म्हणजे मोटर बंद झाली की तोही लाइनवरून सुटतो.