रक्ताची उलटी: महाधमनीचं ऑपरेशन झालंय का, हे आधी सांगा

रक्ताची उलटी म्हणजे अल्सर किंवा यकृताच्या आजारात फुगलेल्या शिरा, असं सहसा सांगितलं जातं आणि ते बहुतेक रुग्णांना लागू पडतं. मला काळजी वाटते ती उरलेल्या थोड्यांची. पोटातल्या महाधमनीला (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला) पूर्वी कृत्रिम ग्राफ्ट, म्हणजे कृत्रिम नळी, बसवला असेल, तर काही वर्षांनीही घासून किंवा जंतुसंसर्गाने तिथून थेट आतड्यात, बहुधा ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) तिसऱ्या भागात, भोक पडू शकतं. पहिला रक्तस्राव अनेकदा थोडाच होतो आणि आपोआप थांबतो. हीच फसवी वेळ! पुढचा काही तासांत किंवा दिवसांत येतो आणि तो जीवघेणा असतो. नेहमीच्या एंडोस्कोपीत (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून केलेल्या तपासणीत) ही जागा दिसेलच असं नाही, म्हणून 'काही सापडलं नाही' एवढ्यावर घरी जाऊ नये; तातडीने सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन) हवी. जुन्या ऑपरेशनची माहिती नातेवाइकांनी स्वतःहून द्यावी, कोणी विचारलं नाही तरी.

रक्ताच्या उलटीचं असंच एक लपलेलं कारण म्हणजे ड्यूलाफॉय लीजन. त्यात बहुधा जठराच्या वरच्या भागात, अस्तराखालची एक जाड धमनी अल्सर नसतानाच फुटते. रक्त थांबलं की जागा सापडणं कठीण, त्यामुळे एंडोस्कोपी पुन्हा करावी लागली तर तो हलगर्जीपणा समजू नका. स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेत प्लीहेच्या धमनीला आलेला फुगाही रक्तस्रावाचं कारण असून असाच लपून राहतो.