'आय अ‍ॅम नॉट इन लव्ह': गाणं लिहिणाऱ्यांचं की घडवणाऱ्यांचं?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

१९७५ च्या उन्हाळ्यात टेन सीसी या इंग्लिश बँडचं 'आय अ‍ॅम नॉट इन लव्ह' ब्रिटनमध्ये दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. रचनाकार म्हणून नावं दोनच: एरिक स्ट्युअर्ट आणि ग्रॅहॅम गूल्डमन. बँडमधल्या उरलेल्या दोघांचं, केव्हिन गॉडली आणि लोल क्रीम यांचं, रचनेत नाव नाही. माझ्या मते हे श्रेय अर्धवट आहे. लोकांनी जे डोक्यावर घेतलं ते मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टमध्ये, स्ट्रॉबेरी स्टुडिओत घडलं, आणि ते कसं घडवायचं हे सुचलं त्या वगळलेल्या दोघांना.

ज्यांना ही कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी. स्ट्युअर्टच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. बायको म्हणाली, तू हल्ली 'प्रेम आहे' असं म्हणतच नाहीस. त्याला वाटलं, ऊठसूट म्हटलं तर त्या शब्दांना किंमत काय उरणार? मग त्याने उलट्या बाजूने गाणं लिहिलं: छे, मी प्रेमाबिमात पडलेलो नाही. आणि पुढे ओळीओळीला त्याचं पितळ उघडं पडत जातं. गूल्डमनबरोबर चाल बसली ती गिटारवर, बोसा नोव्हाच्या म्हणजे ब्राझीलच्या झुलत्या ठेक्यात. बँडने ती रेकॉर्डही केली. गॉडलीने तोंडावर सांगितलं, भिकार आहे. टेप पुसून टाकली.

पण स्टुडिओतली माणसं तीच चाल गुणगुणत फिरताहेत हे स्ट्युअर्टच्या लक्षात आलं आणि त्याने विषय पुन्हा काढला. यावर गॉडली म्हणाला, करायचंच तर वाद्यं बाजूला ठेवा, सगळं गळ्यांवर करा. एवढे गळे आणायचे कुठून? क्रीमने उपाय काढला: टेपच्या लूप, म्हणजे टोकाला टोक जोडून अखंड फिरत राहणारी टेप. मग गूल्डमन, गॉडली आणि क्रीम तिघं माइकसमोर उभे राहून एकच सूर 'आ'कारात धरायचे, सोळा ट्रॅकवर सोळा वेळा. म्हणजे एका सुराला ४८ आवाज. सा पासून वरच्या सा पर्यंत सगळे कोमल-तीव्र धरून १३ सूर. एकूण ६२४. तीन आठवडे हेच चाललं होतं.

आता डोळे मिटून हे गाणं आठवा. आधी काय ऐकू येतं? तो धुक्यासारखा पसरलेला 'आ'कार. मग तो निर्माण करणारे रचनाकार का नाहीत?

आलापी

पूर्ण असहमत. तुमचं उत्तर तुमच्याच गोष्टीत आहे. टेप पुसली होती, लूप नव्हती, ६२४ तर सोडाच, नवे सहा गळेही नव्हते, तरी स्टुडिओतली माणसं चाल गुणगुणत होती. ती चाल कोणाची? गॉडलीने तर तिला भिकार ठरवलं होतं. ज्याने गाणं कचऱ्यात टाकलं त्यालाच रचनाकार करायचं म्हणजे कमाल झाली.

शिवाय नंतरच्या आवृत्त्या बघा. १९९० मध्ये विल टू पॉवर या बँडने हेच गाणं केलं आणि ते अमेरिकेत पहिल्या दहात गेलं. प्रिटेंडर्स बँडने १९९३ मध्ये 'इनडिसेंट प्रपोजल' या सिनेमासाठी केलं. स्टॉकपोर्टमधल्या त्या तीन आठवड्यांशिवाय गाणं उभं राहतं, याहून वेगळा पुरावा काय हवा?

मंद्रसप्तक

नंतर गाणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या कानात मूळ रेकॉर्ड आधीच बसलेली होती हो. ती उसनी पुण्याई आहे. १९७५ मध्ये बोसा नोव्हा बाहेर आला असता तर १९९० मध्ये त्याला कोणी हात लावला असता का?

आलापी

ते कोणालाच सांगता येणार नाही, कारण तुमच्या लाडक्या जोडीला आवडला नाही म्हणून तो पुसला गेला.

जुनी_स्पूल

हौशी रेकॉर्डिंगवाला आहे, पावइंच टेप ब्लेडने कापून जोडलेली आहे, म्हणून तांत्रिक बाजूबद्दल दोन शब्द. दोघांनाही काही बाबतींत पटणार नाही.

पहिली गोष्ट, त्या काळात मेलोट्रॉन हे पेटीसारख्या पट्ट्यांचं वाद्य होतंच. पट्टी दाबली की आधी टेपवर घेतलेला कोरस वाजायचा. मग हा खटाटोप कशाला? कारण मेलोट्रॉनमधली टेप जेमतेम आठ सेकंदांची. आठ सेकंद झाले की सूर तुटला, बोट उचलून पुन्हा दाबा. लूपला शेवटच नाही. मात्र लूप आखूड असली तर जोडाची टक्-टक् सारखी कानाला लागते, म्हणून यांनी बारा-एक फुटांची केली. एवढी टेप मशीनवर मावत नाही. ती हेडवरून बाहेर काढून, ताठ उभ्या केलेल्या माइक स्टँडला वळसा घालून परत आत सोडली. ज्याने हे केलंय त्याला माहीत आहे, टेप जराशी सैल पडली की सूर डुगडुगतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सगळे सूर आपापल्या ट्रॅकवर अखंड वाजत ठेवले आणि मिक्सिंग डेस्कच वाजवला. चौघंही डेस्कवर, प्रत्येकाच्या बोटांखाली ठरावीक फेडर, म्हणजे त्या त्या ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंट्या. कॉर्ड बदलली की याने आपला सूर वर न्यायचा, त्याने खाली आणायचा. तेव्हा ही हालचाल लक्षात ठेवणारा संगणक नव्हता, सगळं हाताने. आणि फेडर तळापर्यंत जाऊच नयेत म्हणून खाली चिकटपट्टी लावून ठेवलेली! म्हणजे सगळे तेरा सूर गाणंभर अगदी हलके चालूच राहतात. कानाला जे धुकं वाटतं ते हे. एकमेकांशी न जुळणारे सूरही त्यात आहेत, म्हणून ते नुसतं गोड लागत नाही.

आणि मंद्रसप्तक, एक गोष्ट तुमच्या मांडणीतून निसटतेय. हे सगळं ध्वनिमुद्रित करणारा इंजिनिअर कोण? स्वतः एरिक स्ट्युअर्ट. मुख्य आवाज त्याचा, इलेक्ट्रिक पियानोही त्याचाच. 'लिहिणारे' एका खोलीत आणि 'घडवणारे' दुसऱ्या खोलीत, असं इथे नव्हतंच.

रविवारची_भजी

एवढी मेहनत करून शेवटी काय? सहा मिनिटांचं गुळमुळीत गाणं. सॉफ्ट रॉक म्हणजे रॉकमधला रॉक काढून घ्यायचा आणि उरलेल्यात पाक ओतायचा. अमेरिकेतल्या सिंगलवर कापून चार मिनिटांच्या आत आणलं ते योग्यच केलं. मला विचाराल तर अजून थोडं कापायला हवं होतं.

आणि तो नायक! भिंतीवर तुझा फोटो लावलाय, पण तो मागचा डाग झाकायला, असं म्हणणाऱ्या माणसावर आमच्या आज्जीने पोळपाट फेकला असता.

नीरजा_लिहिते

@रविवारची_भजी, अहो तीच तर ओळ आहे! भिंतीवरचा डाग झाकायला कॅलेंडर पुरतं, तिचाच फोटो कशाला? माणूस खोटं बोलतोय आणि ते त्याला नीट जमत नाहीये.

पण मला धागाकर्त्याच्या बाजूने बोलायचंय, वेगळ्या कारणासाठी. शब्द नाकारतात आणि मागचा कोरस कबूल करतो. तो म्हणतो मला काही वाटत नाही, आणि पाठीमागे शेकडो गळे भरून येत असतात. हाच मजकूर गिटारवर, झुलत्या ठेक्यात गायला तर तो एक मिश्कील, हुशार गृहस्थ वाटला असता. लोकांनी गालात हसून पुढचं गाणं लावलं असतं. म्हणजे इथे कोरस चालीवर चढवलेला दागिना नाही, अर्धा अर्थ त्याच्याकडे आहे. अर्थ देणाऱ्याला रचनाकार म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

मधला तो भागही घ्या. सगळं ओसरतं, गूल्डमनचं बेस गिटार एकटं वाजतं आणि एक बाईचा आवाज कुजबुजतो की गप्प राहा, मोठी मुलं रडत नाहीत. ती गायिका नव्हे, स्टुडिओतली रिसेप्शनिस्ट, कॅथी रेडफर्न. स्ट्युअर्टला फोन आलाय एवढं सांगायला ती दबक्या आवाजात आत डोकावली आणि क्रीम म्हणाला, हाच आवाज! हे कुठल्या वहीत लिहिलेलं होतं?

आलापी

मग कॅथीलाही रचनाकार करा. ध्वनिमुद्रणाला हातभार लावणारा प्रत्येक जण रचनाकार ठरायला लागला तर टेपच्या कारखान्यालाही रॉयल्टी द्यावी लागेल.

माजोर्डेकर

मुंबईच्या सिनेसंगीताशी थोडाफार परिचय असलेल्याला हा वाद नवा नाही. सेबॅस्टियन डिसोझा वर्षानुवर्षं शंकर-जयकिशनचा वाद्यमेळ लिहीत होते. आमच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन शिकले. मुखडा आणि अंतऱ्याच्या मधले व्हायोलिनचे जे तुकडे आपण गाण्याबरोबर तोंडाने वाजवतो, त्यातले कितीतरी या गोवेकरांच्या कागदावर आधी उतरले. पोस्टरवर आणि रेकॉर्डवर मात्र संगीतकाराचं नाव. प्यारेलालनी गुरूचं नाव गाण्यात घातलं खरं, पण लोकांना ते पाठ आहे अमिताभमुळे.

त्यामुळे मी मंद्रसप्तकबरोबर. 'चाल म्हणजे गाणं, बाकी सगळी सजावट' हे सोयीचं गणित आहे, आणि सोय नेहमी एकाच बाजूची होते.

आलापी

तुलना लंगडी आहे, माजोर्डेकर. तुमचे अरेंजर मजुरीवर होते, नाव दुसऱ्याचं. इथे गॉडली आणि क्रीम बँडचेच सभासद. रेकॉर्डवर टेन सीसी छापलंय, त्यात ते दोघं आहेतच. त्यांच्यावर अन्याय झाला म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही.

माजोर्डेकर

बँड म्हणून नाव वेगळं आणि रचनेचं श्रेय वेगळं. तुम्हीच वर सांगितलेल्या विल टू पॉवरच्या आणि प्रिटेंडर्सच्या आवृत्त्यांवर रचनाकार म्हणून परत तीच दोन नावं. मूळ रेकॉर्डचा कीर्तीतला वाटा चौघांचा, पण रचना दुसऱ्याने उचलली की वाटेकरी दोघंच उरतात.

बीटमशीन९९

काका-काकू लोकांनो, एवढं काय? आज लॅपटॉपवर कोरसचा प्लगइन टाकला की दहा मिनिटांत हे होतं. मी 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी'त पहिल्यांदा ऐकलं, २०१४ मध्ये. सुरुवातीलाच तो मुलगा हॉस्पिटलात वॉकमनवर ऐकत असतो. भारी वाटलं, पण ६२४ आवाज वगैरे कळलंही नाही. ऐकणाऱ्याला कळत नसेल तर मेहनतीचं कौतुक कशाला?

जुनी_स्पूल

दहा मिनिटांत होतं ते बरोबर. कारण हे असं करता येतं हे त्यांनी तीन आठवडे घालवून दाखवलं. आणि प्लगइनमध्ये सगळे सूर नको तेव्हा पूर्ण बंद होतात. करून बघा, कुठे रितं वाटतं ते लगेच कळेल.

नीरजा_लिहिते

@बीटमशीन९९, मेहनत ऐकू येऊ नये यासाठीच ती होती ना? भारी वाटलं म्हणालात, तेवढं झालं म्हणजे काम झालं.

रविवारची_भजी

यशाचं म्हणाल तर त्यातही एक मार्केटिंगवाला बसलाय. अल्बममधून आधी दुसरंच गाणं बाजारात सोडलं होतं, 'लाइफ इज अ मिनस्ट्रोनी'. म्हणजे कंपनीलाही या लांबलचक उसाशाची धास्तीच होती. अमेरिकेत तीन आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकलं, आणि गंमत म्हणजे तिन्ही आठवडे वर गाणं वेगळं: 'द हसल', मग ईगल्सचं 'वन ऑफ दीज नाइट्स', मग बी जीजचं 'जाइव्ह टॉकिन'. लोकांना नाचायचं होतं हो!

मंद्रसप्तक

वरची गाणी बदलत राहिली आणि हे तिथेच टिकलं, हे तुम्ही टीका म्हणून सांगताय की शिफारस म्हणून? आणि फोनोग्राम या रेकॉर्ड कंपनीने बँडशी मोठा करार केला तो हे गाणं ऐकून. धास्तावलेली कंपनी अशी वागत नाही.

दुसरं, १९७६ मध्ये गॉडली आणि क्रीम बँड सोडून गेले. ज्यांच्या कल्पनेवर सगळ्यात मोठं गाणं उभं राहिलं तेच पुढच्याच वर्षी बाहेर पडतात, याचा श्रेयाशी काहीच संबंध नसेल?

आलापी

नाही. ते गेले गिझमोपायी. गिटारवर बसवायचं त्यांचं स्वतःचं यंत्र, तारा सतत घासून व्हायोलिनसारखा लांब सूर काढणारं. त्यावर अख्खा अल्बम करायचा होता. त्यांनी जे सांगितलं नाही ते त्यांच्या तोंडी घालू नका. आणि ते गेल्यावर स्ट्युअर्ट-गूल्डमन काही रस्त्यावर आले नाहीत. १९७८ मध्ये 'ड्रेडलॉक हॉलिडे' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. गाणी कोण लिहीत होतं ते यावरून समजतं.

नीरजा_लिहिते

'ड्रेडलॉक हॉलिडे' आणि हे एका पंगतीत? काहीही.

आलापी

आवडीनिवडी बाजूला ठेवा. ज्यांना श्रेय वाटायचंय त्यांनी आकडे टाकावेत. शंभर टक्के आहेत, माणसं चार, शिवाय एक रिसेप्शनिस्ट. करा वाटणी.

मंद्रसप्तक

स्ट्युअर्ट ४०, गूल्डमन २०, गॉडली २०, क्रीम २०. कॅथीला त्या एका ओळीचे एकरकमी आणि कव्हरवर ठळक नाव.

जुनी_स्पूल

गॉडली आणि क्रीम सारखे कसे? 'सगळं गळ्यांवर करा' म्हणायला काय जातं. लूप सुचली नसती तर तिघं अजून स्टॉकपोर्टमध्ये 'आ' करत उभे असते. क्रीमला २५, गॉडलीला १५.

माजोर्डेकर

गूल्डमनला २०? मूळ चालीत तो आहे, गिटारही त्याचं, बेसचा तुकडा त्याचा आणि त्या तीन गळ्यांतला एक गळा त्याचाच. गोवेकरांना मजुरीवर ठेवणाऱ्यांनीही इतका हात आखडता घेतला नव्हता.

आलापी

घ्या. तीन प्रतिसादांत आपसांत जुंपली. म्हणून म्हणते, चाल ज्याची त्याचं गाणं.