आईच्या नावासकट म्हणून बघा
हल्ली बाळाचं नाव जन्मनक्षत्राच्या अक्षरावरूनच ठेवायचा आग्रह वाढलाय. पण आर्द्राला कु, घ, ङ, छ येतात; ‘ङ’वरून नाव काढणार कुठून? आमच्या पंचवटीत अजून बऱ्याच घरांत नावरस नाव, म्हणजे नक्षत्राच्या अक्षरावरून काढलेलं, पत्रिकेपुरतंच असतं आणि बारशाला आत्या कानात कुर्र करून सांगते ते हाकेचं. मला तेच पटतं.

आणखी एक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचं नाव आपल्या राज्यात सरकारी कागदांवर स्वतःचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव असं लागतं. फार चांगलं झालं. तेव्हा चारही एकत्र मोठ्यांदा म्हणून बघा. रेयांश-कियांश एकाच वर्गात चार-चार झालेत. भाचीचं आम्ही गौतमी ठेवलं, गोदावरीचंच नाव. सगळ्यांच्या तोंडी लगेच बसलं.