ऐंशीचं दशक फक्त विनोदाचं?
ऐंशीच्या दशकात मराठीत विनोदी चित्रपटांशिवाय काही नव्हतं, असं एक मत वाचलं, ते अजिबात पटलं नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) माझ्याही फार जवळचा, पण त्याच्या सहा वर्षं आधी, १९८२ साली जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ हा गंभीर चित्रपट आला होता. पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कादंबरी शांता निसळ यांची ‘बेघर’. हाच चित्रपट हिंदीतही ‘सुबह’ नावाने झाला आणि तिथेही नायिका स्मिता पाटीलच.

आईबरोबर ‘उंबरठा’ टीव्हीवर पाहिला होता. शेवटी नायिका सुलभा घर सोडून पुन्हा निघते आणि गाडीत बसते, तेव्हा आईच्या हातातली निवडायची मेथी तशीच राहिली होती. कितीतरी वेळ ती काही बोललीच नाही.