‘आऊटलँड’ (१९८१) म्हणजे अंतराळातला ‘हाय नून’च ना?

कातरवेळ
काल ‘आऊटलँड’ पाहिला. गुरूचा चंद्र आयो, तिथली टायटॅनियमची खाण आणि शॉन कॉनरीचा मार्शल (तिथला पोलीस प्रमुख) ओ'नील. मध्यंतरानंतर वाटायला लागलं की अरे, हा तर १९५२चा ‘हाय नून’! मारेकरी निघालेत, यायची वेळ ठरलेली आहे, मदतीला कोणी येत नाही. आगगाडीच्या जागी यान, बस. मग दिग्दर्शक पीटर हायम्सचं स्वतःचं यात काय उरतं? सिनेमा मला फार आवडला, पण कशामुळे ते नेमकं सापडत नाहीये. दोन्ही पाहिलेल्यांनी सांगा.

शेवटची रांग
हायम्सला वेस्टर्नच (जुन्या अमेरिकेतला घोडे-बंदुकांचा सिनेमा) करायचा होता. त्या काळात वेस्टर्नवर पैसे लावायला कोणी तयार नव्हतं, म्हणून त्याने तो अंतराळात नेला. त्यामुळे साम्य उघड आहे आणि मला त्याचा आनंदच आहे.

पण खलनायक बघा. ‘हाय नून’मधला गुंड फ्रँक मिलर नायक मार्शल केनवर सूड उगवायला येतो, दोघांचं जुनं वैर आहे. ओ'नीलला मारायला येणारे त्याला ओळखतही नाहीत, त्यांना कामाचे पैसे मिळणार आहेत. खाणीचा व्यवस्थापक शेपर्ड कामगारांपर्यंत एक उत्तेजक पोचवतो. ते घेतलं की माणूस अनेकांचं काम एकटा करतो, उत्पादन वाढतं, बोनस वाढतो, आणि काही महिन्यांनी त्याचं डोकं फिरतं. एक जण तर स्पेससूट न घालता लिफ्टमध्ये शिरतो आणि निर्वातात मरतो. सुरुवातीचा हा प्रसंग मी विसरू शकत नाही. आता कामगार गप्प का बसतात? निव्वळ भीतीने नाही. वाढलेल्या बोनसमध्ये प्रत्येकाचा वाटा आहे. ‘हाय नून’मध्ये केन चर्चमध्ये मदत मागतो तेव्हा गावकऱ्यांत होणाऱ्या वादापेक्षा ही शांतता मला जास्त टोचते.

आणि बंदुका! लेझर वगैरे काही नाही, साध्या शॉटगन. वेस्टर्नमध्ये नेम चुकला तर धूळ उडते. इथे गोळी काचेला लागली की आतली सगळी हवा बाहेर. त्या एका गोष्टीवर शेवटची चकमक उभी आहे. पुढचं सांगत नाही, इतरांनी पाहिला नसेल.

उत्तरध्रुव
बाकी पटलं, पण ‘हाय नून’चं मूळ दुखणं इथे हलकं झालंय. केनने ते गाव राहण्याजोगं केलेलं असतं. त्याचं नुकतंच लग्न झालंय, नोकरी सोडून तो निघालाय, आणि ज्यांच्यासाठी झटला तेच पाठ फिरवतात. ओ'नील तर नवीनच बदली होऊन आलेला. खाणवाल्यांनी त्याच्यासाठी जिवावर का उदार व्हावं? नकार मिळाला तरी त्यात विश्वासघात नाही. शिवाय ‘हाय नून’ची ८५ मिनिटं जवळपास घड्याळाबरोबर चालतात. आऊटलँडमध्ये यानाची वेळ दाखवणारा आकड्यांचा फलक आहे, पण श्वास तसा अडकत नाही.

शेवटची रांग
उत्तरध्रुव, घड्याळाचं मान्य. नकाराचं मात्र नाही. ओ'नीलचं भांडण गावाशी नाहीच. स्क्वॉश कोर्टवरचा प्रसंग पुन्हा पाहा. डॉक्टर लॅझरसला तो सांगतो की वरच्यांनी आपल्याला इथे धाडलं, कारण आपली लायकी अशाच जागेची आहे असं त्यांना वाटतं, आणि ते खरं आहे का हे आपल्याला पाहायचंय. केनला स्वतःबद्दल असा संशय नसतो. नवीन आलाय म्हणूनच ओ'नीलची गोष्ट वेगळी होते. मुलाला घेऊन बायको सुरुवातीलाच निघून जाते, म्हणजे तो सहज तिच्या मागे जाऊ शकतो, कोणी नावंही ठेवणार नाही.

कातरवेळ, मला विचाराल तर तुम्हाला सिनेमा आवडला त्यात डॉक्टर लॅझरस झालेल्या फ्रान्सिस स्टर्नहेगनचा मोठा हात असावा. ‘हाय नून’मध्ये केनच्या बाजूने शेवटी बंदूक उचलते ती त्याची बायको. इथे ते काम हायम्सने एका चिडक्या, वयस्क डॉक्टरला दिलंय. ओ'नीलशी तिचं नातं ना लग्नाचं, ना प्रेमाचं. मृतदेहांच्या रक्तात काय सापडतं ते तिने स्वतः तपासलेलं असतं, आणि त्यानंतर तिला गप्प बसवत नाही.