तारकर्लीत पोहता न येणाऱ्याने पाण्याखाली उतरावे का?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक):
डिसेंबरमध्ये आईबाबांसह मालवण-तारकर्लीला जाण्याचा विचार आहे. मला पोहता येत नाही. तरीही स्कूबा डायव्हिंग करता येईल का, आणि जावे कसे?

उत्तर (सिडको):
पोहता न येणाऱ्यांनाही तिथे प्रशिक्षकासोबत उतरवतात. मी गेल्या वर्षी उतरलो तेव्हा भीती श्वासाची वाटत होती, त्रास मात्र कानांचा झाला. दोन-तीन मीटर खाली जाताच कानात दडे बसतात, म्हणून दुखण्याची वाट न पाहता नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानांकडे ढकलत राहावे. सर्दी असेल तर कृपा करून उतरू नका, आणि दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. प्रवाळाला हात लावू नका. तो दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे.

उत्तर (नाशिकरोड):
पनवेलहून कोकण रेल्वेने कुडाळला उतरावे; तिथून मालवण साधारण ३० किलोमीटर आहे. आईबाबांना सिंधुदुर्ग अवश्य दाखवा. १६६४ साली बांधायला घेतलेल्या या किल्ल्याभोवती समुद्र असूनही आतल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे पाणी गोडे आहे.